रोलर कोस्टरने उडी का मारू नये

मोबाइलवर असे व्हिडिओ हल्ली सारखे येतात. उंचावरून गाडी सुसाट खाली येते, पुढे रूळच नसतो, गाडी हवेत झेपावते आणि पलीकडच्या रुळावर अलगद बसून निघून जाते. हे संगणकावर बनवलेलं आहे हे बहुतेकांना कळतं. तरी मनात प्रश्न उरतोच: खरंच असं करता येईल का? आणि येत असेल, तर अजून कुणी केलं का नाही?

‘छे, अशक्य’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते उत्तर खरं नाही. तत्त्वतः ही उडी शक्य आहे. माझं म्हणणं असं, की शक्य असूनही माणसं बसवून ती कधीच मारू नये आणि कुठल्याही सरकारने तिला परवानगी देऊ नये. यात भित्रेपणाचा भाग नाही. रोलर कोस्टर ज्या विचारातून घडत आला, त्या विचारालाच ही उडी सोडचिठ्ठी देते.

आधी शक्यतेचं बघू. रोलर कोस्टरच्या चढावरून गाडी पलीकडे उतरू लागते, तेव्हा पोटात गोळा येतो आणि आपण बसल्या जागेवरून उचलले जातो. त्या क्षणी गाडी जवळजवळ उडतच असते. भिरकावलेला दगड हवेत जी वाट धरतो, साधारण तशीच वाट अभियंत्याने तिथे रुळाला दिलेली असते. वेग आणि वळण नेमकं जुळलं की रुळावरचा गाडीचा भार शून्याच्या आसपास येतो. तेवढ्यापुरता रूळ काढून घेतला, तरी गाडी त्याच वाटेने पुढे जाईल. म्हणजे विज्ञान आडवं येत नाही. उलट, आपण आजही पैसे देऊन जी मजा घेतो, ती या उडीचीच सख्खी बहीण आहे.

माणसांनी हे करूनही पाहिलंय. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या बार्नम अँड बेली सर्कशीत मोरिशिया द तिएर नावाची फ्रेंच कलावती एका छोट्या गाडीत बसून उतारावरून सुटायची. उताराचं टोक आतल्या बाजूला असं वळवलेलं होतं की गाडी उलटी होऊन हवेत फेकली जायची, हवेतच सुलटी व्हायची आणि समोरच्या दुसऱ्या उतारावर उतरायची. लोक श्वास रोखून बघायचे. पण गाडीत बसलेली ती एकटी होती, हा तिचा पेशा होता आणि गाडीचं वजन दर खेळाला तेच असायचं. या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे.

कारण त्याच काळातली, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची एक गोष्ट रोलर कोस्टरच्या इतिहासात रस असणारे लोक सांगतात. तिथे म्हणे एक कोस्टर असा आखला होता, की गाडी तोफेसारख्या बोगद्यातून सुटेल आणि तुटलेल्या रुळावरून उडी मारून पलीकडे जाईल. वाळूची पोती भरून चाचण्या घेतल्या, तेव्हा वजन बदललं की उतरण्याची जागाही बदलते हे दिसलं, आणि मधली फट मुकाट्याने रुळाने जोडून घेतली गेली. तपशील सांगीवांगीचे असतील, पण वाळूच्या पोत्यांनी दिलेलं उत्तर आजही जसंच्या तसं लागू पडतं. भरलेली गाडी आणि अर्धी रिकामी गाडी एकाच उंचीवरून सोडली तरी तळाशी एकाच वेगाने पोचत नाहीत. हवेचा विरोध दोन्हींना जवळपास सारखाच असतो, मात्र जड गाडीवर त्याचा परिणाम कमी होतो. शिवाय सकाळी चाकं आणि त्यांची बेअरिंग थंड असतात, दुपारी तापलेली असतात. समोरून वारा आला की गणित पुन्हा बदलतं.

आकडे मांडून पाहू. फट ५ मीटरची, गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि गाडी अगदी सपाट सुटली असं धरू. फट ओलांडायला पाव सेकंद लागेल आणि तेवढ्यात गाडी साधारण ३१ सेंटिमीटर खाली येईल. पलीकडचा रूळ तेवढा खाली ठेवला की झालं. आता वेग सेकंदाला १९ मीटर झाला, तर ती साधारण ३४ सेंटिमीटर खाली येईल. फरक ३ सेंटिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण गाडीची चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून असतात, आणि त्यांच्यातली मोकळी जागा अगदी थोडी असते. ३ सेंटिमीटर चुकलं, म्हणजे ताशी जवळपास ७० किलोमीटर वेगातलं चाक रुळाच्या टोकावर समोरून आदळणार. आणि ५ मीटरची फट बघायला कोण येणार? व्हिडिओत दिसते तशी १५ मीटरची फट घेतली, तर तोच फरक नऊपट होतो, जवळजवळ ३० सेंटिमीटर.

यावर उपाय आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. आजच्या कोस्टरच्या रुळावरच्या चुंबकीय मोटर गाडीला ढकलताना तिचा वेग मोजत असतात आणि कमी-जास्त करत असतात. चुंबकीय ब्रेक जास्तीचा वेग काढून घेतात. पलीकडच्या रुळाचं टोक पाचरीसारखं निमुळतं करता येईल, म्हणजे चाकं आधी सैल शिरतील आणि मग घट्ट बसतील. लांब गाडीऐवजी एकच डबा ठेवावा लागेल, कारण अनेक डब्यांची गाडी असली तर पुढचे डबे हवेत आणि मागचे रुळावर असा काही काळ जातो आणि पुढचं तोंड खाली झुकतं. हे सगळं करून, रिकाम्या डब्याने शंभरदा बिनचूक उडी मारून दाखवणारी एखादी चमू उद्या निघाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पण शंभरदा म्हणजे काहीच नाही. मोठ्या उद्यानातला कोस्टर तासाला ५० फेऱ्या करतो असं धरलं, दिवसाचे १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला दीड लाख फेऱ्या होतात आणि २० वर्षांत ३० लाख. दहा लाखांत एकदाच चुकणारं यंत्र ऐकायला जवळजवळ परिपूर्ण वाटतं. त्या यंत्राने या कोस्टरच्या आयुष्यात तीनदा माणसं जमिनीवर फेकलेली असतील.

विमानं नाहीत का रोज हजारोंनी उतरत, असं कुणी विचारेल. उतरतात. पण वैमानिकाला धावपट्टी जमत नाही असं वाटलं, तर तो विमान पुन्हा वर घेतो आणि फेरी मारून परत येतो. फटीवर सुटलेल्या डब्याला परत फिरता येत नाही. त्याला इंजिन नाही, पंख नाहीत, सुकाणू नाही. रुळाचं टोक सोडलं त्या क्षणी पुढचा सगळा निकाल लागलेला असतो आणि तो बदलणं कुणाच्याच हातात नसतं.

माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी ‘लीप द डिप्स’ नावाचा लाकडी कोस्टर आहे, १९०२ सालचा, आज उभा असलेला जगातला सर्वांत जुना. त्याच्या डब्यांना रुळाच्या खालून धरणारी चाकं नाहीत. डबे नुसते रुळावर ठेवलेले, बाजूंना लाकडी कठडे. छोट्या उंचवट्यांवर ते किंचित उचललेही जातात. म्हणूनच तो जेमतेम १२ मीटर उंच आहे आणि ताशी १६ किलोमीटरच्या आसपास चालतो. याहून जोरात चालवला, तर डबे बाहेर पडतील. मग १९१९ मध्ये जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने रुळाखालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. डबा वर उचलला जाऊच शकत नाही म्हटल्यावर चढ उंच झाले, उतार उभे झाले, वळणं तीव्र झाली. गेल्या शंभर वर्षांत रोलर कोस्टर जो इतका थरारक होत गेला, तो गाडीला अधिक घट्ट धरून ठेवल्यामुळे. पकड वाढली, म्हणून भीती वाढवता आली. उडी मारणारा कोस्टर हे पुढचं पाऊल वाटतं, प्रत्यक्षात तो आपल्याला १९१९ च्या मागे नेतो.

खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’वर बसायच्या आधी, रांगेत असताना, गाडीच्या पुढच्या बाजूने वाकून चाकं जरूर बघा. वरच्या चाकांवर गाडी तोललेली असते, बाजूची चाकं तिला वळणात सांभाळतात आणि रुळाच्या पोटाखाली आणखी चाकं असतात, जी एरवी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ४० मीटर उंचीवरून गाडी कोसळते आणि पुढे उलटी होते, तेव्हा आपण हात वर करून ओरडू शकतो ते या चाकांच्या भरवशावर. ही पकड सुटली तर काय होतं तेही जगाने पाहिलंय. १४ जून १९८६ रोजी कॅनडातल्या एडमंटन शहरात ‘माइंडबेंडर’ या कोस्टरच्या शेवटच्या डब्याच्या चाकांचा एक संच बोल्ट नसल्याने निखळला. डबा रुळावरून सुटला आणि तिघांचा जीव गेला. तिथे जे अपघाताने घडलं, ते उडीच्या कोस्टरमध्ये दर फेरीला मुद्दाम घडवायचं आहे.

चांगला कोस्टर बिघाड होणारच नाही असं मानून बांधलेला नसतो. न्यू जर्सीतला ‘किंगडा का’ २००५ मध्ये सुरू झाला, १३९ मीटर उंच, ताशी २०६ किलोमीटर वेगाचा. २०२५ मध्ये तो पाडला. त्याची गाडी कधीकधी माथ्यापर्यंत पोचायची नाही, वेग थोडा कमी पडायचा आणि ती आलेल्या वाटेने तशीच मागे घसरायची. हे होणार हे बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुटण्याच्या पट्ट्यात वर उचलले जाणारे ब्रेक बसवलेले होते, ते गाडीला थांबवायचे, आणि मग तिला पुन्हा सोडायचे. काही शौकीन तर नशिबाने अशी मागे घसरणारी फेरी मिळावी म्हणून वाट बघायचे. वेग कमी पडला, तर काय? या प्रश्नाचं उत्तर पोलादात ओतलेलं होतं. उडीच्या कोस्टरला हाच प्रश्न विचारून बघा. वेग कमी पडला, तर काय? त्याच्याकडे उत्तरच नाही.

उत्तर नसलेला एक खेळ माणसांनी बांधलाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत २०१४ मध्ये ‘फेरुक्ट’ नावाची पाण्याची घसरगुंडी सुरू झाली, ५१ मीटर उंच, तेव्हा जगातली सर्वांत उंच. तीन माणसांचा रबरी तराफा सुरुवातीच्या उतारावरून कोसळायचा आणि मग एका उंचवट्यावर चढायचा. तराफ्याला खालून धरणारं काहीही नव्हतं. चाचण्यांत वाळूची पोती भरलेले तराफे उंचवट्यावरून उडून बाहेर पडले होते. म्हणजे कोनी आयलंडच्या गोष्टीतला इशारा इथे डोळ्यांसमोर मिळालेला होता. त्यावर उपाय म्हणून आराखडा बदलला, तिघांच्या मिळून वजनाची मर्यादा घातली आणि वरून धातूच्या कमानींवर जाळी ताणली. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा उडाला आणि कमानीला आदळून १० वर्षांचा एक मुलगा गेला.

या प्रकरणाने मला फार अस्वस्थ केलं. तो अपघात एखादा सुटा बोल्ट किंवा झोपलेला चालक यांच्यामुळे झाला नव्हता. आराखड्यातच सुरक्षितता वजनावर आणि वेगावर सोडलेली होती, आणि वजन-वेग यांच्यावर कुणाचीच पूर्ण हुकमत नसते. बांधणाऱ्यांवर पुढे गुन्हा दाखल झाला, पुराव्यांच्या मांडणीतल्या दोषांमुळे २०१९ मध्ये तो खटला रद्दही झाला. घसरगुंडी त्याआधीच पाडली गेली होती. कायद्याने कुणाला शिक्षा झाली नाही, म्हणून आराखडा निर्दोष ठरत नाही.

मग फटीचा थरार कुणी अनुभवायचाच नाही का? जरूर अनुभवावा. हुशार माणसांनी त्याची वाट काढलेली आहे, आणि ती मला खऱ्या उडीपेक्षा कितीतरी कौतुकाची वाटते.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’मध्ये, २००६ पासून, गाडी डोंगरमाथ्यावर पोचते आणि समोर रूळ उखडून वाकडातिकडा झालेला दिसतो. गाडी तिथेच थबकते. लोक त्या तुटक्या लोखंडाकडे डोळे फाडून बघत असतात, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे रूळ गुपचूप बदललेला असतो, आणि गाडी मागच्या मागे, अंधारात, भलत्याच वाटेला लागते. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्समध्ये ‘थर्टीन’ या २०१० च्या कोस्टरमध्ये अंधारात उभ्या गाडीखालचा रूळच गाडीसकट सुमारे ५ मीटर खाली कोसळतो. तैवानमध्ये २००२ पासून एक कोस्टर असा आहे, की रूळ खरोखर संपतो. पुढे पोकळी असते. गाडीला घट्ट पकडून रुळाचा तो तुकडा हळूहळू झुकत जातो, पूर्ण उभा होतो, खालच्या रुळाला जुळतो, आणि जुळल्याची खात्री झाल्यावरच पकड सुटते. अमेरिकेतल्या सीडर पॉइंटमध्ये २०२५ साली याच जातीचा नवा कोस्टर आला. फट खरी आहे, भीती खरी आहे, आणि गाडी एक क्षणही मोकळी नाही.

सर्वांत सुंदर उदाहरण मात्र ओसाकाचं. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओत डिसेंबर २०२४ मध्ये डाँकी काँगची खाणगाडी सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये फ्लोरिडातही आली. मुळात ही गाडी १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’ या व्हिडिओ गेममधली. त्यात खाणीतली गाडी तुटक्या रुळांवरून उड्या मारत जाते, आणि ज्यांनी तो लहानपणी खेळला त्यांच्या मनात ती उडी घर करून बसलेली आहे. युनिव्हर्सलने ती जशीच्या तशी उभी केली. गाडीखाली जुनाट, गंजकट दिसणारे रूळ आहेत, ते मध्येच तुटतात, गाडी फटीवरून पलीकडे जाते आणि पुढच्या रुळावर दणका देत बसते. प्रत्यक्षात ते रूळ नुसता देखावा आहेत. गाडी एका मजबूत दांड्याच्या टोकावर बसवलेली आहे आणि त्या दांड्याचं दुसरं टोक खाली, नजरेआड, खऱ्या रुळावर चाकांनी धरून पळतंय. दणकेसुद्धा आखून दिलेले असतात.

यावर काही शौकीन नाक मुरडतात. ही फसवणूक आहे, म्हणतात. मला त्यांचं म्हणणं मुळीच पटत नाही. खऱ्या उडीला सुरक्षित करायला निघालेल्या अभियंत्याचा विचार सरळ पुढे नेऊन बघा. गाडी कमी पडली तर तिला झेलायला खाली काहीतरी हवं. ते काहीतरी गाडीच्या वाटेलगतच असायला हवं, नाहीतर झेलताना जोराचा झटका बसेल. ते प्रत्येक बिंदूपाशी असायला हवं, कारण गाडी कुठे कमी पडेल सांगता येत नाही. आणि गाडी वर किंवा बाजूला भरकटू नये म्हणून त्याने तिला तिन्हीकडून धरायला हवं. याला आपण रूळच म्हणतो. खरी उडी पुरेशी सुरक्षित करत गेलं, की शेवटी ओसाकाच्या दांड्यापाशीच येऊन पोचावं लागतं. तो दांडा म्हणजे प्रामाणिकपणे, शेवटपर्यंत केलेला विचार आहे.

‘पण आम्ही धोका पत्करायला तयार आहोत’, असंही म्हणणारे असतात. जत्रेत मौत का कुआँमध्ये मोटारसायकल चालवणारा स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो. त्याचं कसब त्याच्या हातात असतं. कोस्टरमध्ये बसलेल्याच्या हातात काहीच नसतं. तो कमरेला बांधलेला असतो, आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारी त्याचं मूलही असतं. त्याने तिकीट घेतलं याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी त्याच्या वतीने विचार केला असेल असं त्याने धरून चालवलं.

तो ‘कुणीतरी’ कोण, हा सार्वजनिक प्रश्न आहे. अमेरिकेत १९८१ पासून कायमच्या उद्यानांतल्या खेळण्यांवर केंद्र सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचा अधिकार राहिलेला नाही. तो विषय प्रत्येक राज्यावर सोडलेला आहे आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे. कॅन्ससने आपले तपासणीचे नियम कडक केले ते २०१७ मध्ये, मूल गेल्यानंतर. आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, युरोपचं ईएन १३८१४ आहे, अमेरिकेच्या एएसटीएम या मानक-संस्थेची आहेत, आयएसओ १७८४२ आहे. पण मानक कागदावर असणं वेगळं आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारणं वेगळं.

आपल्याकडे उद्या कुणी उडी मारणारा कोस्टर बांधायला येणार नाही, हे मलाही कळतं. पण उत्तर नसलेले खेळ आपल्याकडेही उभे राहतात. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात झोके घेणारा एक मोठा पाळणा दांडा तुटून माणसांसकट खाली कोसळला आणि दोघे जण मेले. लोंबकळणारं सगळं वजन एका दांड्यावर असेल, तर तो दांडा तुटल्यावर काय होईल, हे परवान्याच्या वेळीच विचारलं गेलं पाहिजे. आपल्या गावोगावच्या जत्रांत पाळणे रात्रीतून उभे राहतात, आठवड्याने सुटे होऊन ट्रकवर चढतात आणि पुढच्या गावी पुन्हा जोडले जातात. दर जोडणीला प्रत्येक पिन, प्रत्येक बोल्ट नव्याने बसवायचा असतो, म्हणजे दर गावी तपासणीही नव्याने व्हायला हवी. मागच्या गावच्या प्रमाणपत्रावर या गावचा पाळणा फिरता कामा नये. कोणता भाग निकामी झाला तर त्याचं काम दुसरं काय सांभाळेल, हे मालकाने लेखी द्यावं, अभियंत्याने ते पाळण्यापाशी उभं राहून पडताळावं, आणि तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचं नाव तिकीट खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावं. ग्रामपंचायती आणि नगरपालिका जागेचं भाडं घेतात, तेव्हा ही अट भाडेपावतीवरच घालायला त्यांना कुणाची आडकाठी नाही. येत्या जत्रांच्या हंगामापासून ती घालावी.